पुढच्या जहाजाची री

विनाशिका हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर काहीतरी अक्राळविक्राळ उभं राहतं. प्रत्यक्षात जुन्या काळातली विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर, ही आरमारातली किरकोळ अंगाची पोर. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची अमेरिकन विनाशिका घ्या. लांबी ३१४ फूट, रुंदी जेमतेम ३१ फूट, वजन बाराशे टनांच्या आसपास. पत्रा इतका पातळ की खलाशी तिला 'टिन कॅन' म्हणजे पत्र्याचा डबा म्हणायचे. असली जहाजं एकटीदुकटी फिरत नसत, टोळीनं फिरत. त्या टोळीचं नाव स्क्वाड्रन. तोफा, पाणतीर वगैरे सगळं ठीक आहे, पण या टोळ्यांबद्दल वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न खेचून नेतो. रांगेतल्या मागच्या जहाजाच्या कप्तानानं कुठवर पुढच्याची री ओढायची आणि कधी स्वतःचं डोकं वापरायचं?

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज इंजिनियरनं फ्यूमे बंदरात (आताचं क्रोएशियातलं रिएका) स्वतःच्या जोरावर पाण्याखालून धावणारा पाणतीर तयार केला, आणि आरमारांच्या दुनियेत घबराट पसरली. कारण साधं होतं. लाखो पौंड खर्चून बांधलेलं अवाढव्य लढाऊ जहाज आता एखादी चिमुकली टॉर्पेडो बोट बुडवू शकत होती. मग या बोटींना हाकलायला त्यांच्याहून थोडं मोठं, पण तितकंच चपळ जहाज हवं झालं. स्पेनच्या व्हियामील यांच्या कल्पनेतून १८८६ साली 'डेस्ट्रुक्तोर' पाण्यात उतरलं, १८९३ साली ब्रिटिशांचं 'हॅवॉक' आलं. नाव पडलं 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढे पहिले दोन शब्द गळून पडले. आणि गंमत अशी की ज्या पाणतिरांपासून संरक्षण करायला ही जहाजं जन्माला आली, तेच पाणतीर काही वर्षांत यांचं मुख्य हत्यार झालं. चोराच्या मागे लावलेल्या शिपायानं चोराचा धंदा उचलावा तसं.

आता टोळी का? एक पाणतीर चुकवता येतो. जहाज वळवलं की झालं. पण सहा जहाजांनी एकदम पंख्यासारखे पाणतीर सोडले, तर वळायचं कुठे? म्हणजे हल्ला करायचा तर घोळक्यानंच. दुसरं कारण अगदी घरगुती. एवढ्याशा जहाजावर धड दुरुस्तीची सोय नाही, मोठा साठा नाही, त्यामुळे पाच-दहा जहाजांना मिळून एक मदतीचं मोठं जहाज लागायचं. तिसरं कारण माणसांचं. अशा जहाजांचे कप्तान बहुतेक तिशीतले तरुण अधिकारी. त्यांच्यावर एक वडीलधारा हवा.

हा वडीलधारा ब्रिटिश आरमारात 'कॅप्टन डी' म्हणून ओळखला जाई आणि त्याच्या टोळीला फ्लोटिला म्हणत. पण त्याला बसवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. त्याचे मदतनीस, निशाणं आणि वायरलेसवाले, कागदपत्रं, हे सगळं साध्या विनाशिकेत मावेना. म्हणून थोडी ऐसपैस 'लीडर' जहाजं वेगळी बांधली जाऊ लागली. (आपल्याकडे १९४९ साली आलेली पहिली 'राजपूत' ही अशीच एक लीडर. मूळ नाव 'रॉदरहॅम'. तिच्याबरोबर 'रणजीत' आणि 'राणा' आल्या. 'राजपूत' हे नाव पुढे सोव्हिएत बनावटीच्या विनाशिकेला मिळालं आणि ती २०२१ साली निवृत्त झाली.) अमेरिकनांनी आपल्या पद्धतीनं हिशेब बसवला: सहा जहाजांची डिव्हिजन, तीन डिव्हिजन मिळून स्क्वाड्रन, आणि स्क्वाड्रनच्या प्रमुखासाठी एक जहाज जास्तीचं. एकेका जहाजावर लेफ्टनंट कमांडर, डिव्हिजनवर कमांडर, स्क्वाड्रनवर कॅप्टन. कागदावर अगदी सुबक उतरंड.

अशाच एका स्क्वाड्रनची, अमेरिकेच्या अकराव्या स्क्वाड्रनची, ही गोष्ट.

८ सप्टेंबर १९२३. सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोला निघालेल्या १४ विनाशिका. महायुद्ध संपल्यापासून इंधन वाचवण्यासाठी वेगावर बंधनं होती, पण या फेरीत इंजिनांची परीक्षा म्हणून २० नॉट्सनं धावायची परवानगी होती. सगळ्यात पुढे 'डेल्फी'. तिच्यावर स्क्वाड्रनचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन आणि जहाजाचे कप्तान लेफ्टनंट कमांडर डोनाल्ड हंटर. संध्याकाळनंतर उरलेली जहाजं एकामागे एक अशा रांगेत आली. वाट काढायचं काम 'डेल्फी'चं. बाकीच्यांनी फक्त पुढच्याच्या मागे राहायचं.

दिवसभर किनारा धुक्यात होता. डोळ्यांनी काही खूण दिसत नव्हती, म्हणून हंटर अंदाजी हिशेबावर चालले होते: वेग इतका, दिशा ही, इतके तास झाले, म्हणजे आपण इथे असणार. ही पद्धत शतकानुशतकं चालत आलेली. पण पाण्याचा प्रवाह किती आणि कुठल्या बाजूला ढकलतोय, मागून येणाऱ्या लाटांवर पंखा हवेत किती फिरतोय, हे त्यात धरता येत नाही. आठवडाभर आधी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये तोक्यो-योकोहामा उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला होता. त्यामुळे प्रशांत महासागरातले प्रवाह बदलले असावेत, असं नंतर बरेच जण म्हणाले. असेलही.

पण हिशेब ताडून बघायचं एक साधन हाताशी होतं. आरग्वेलो भूशिरावर आरमाराचंच एक रेडिओ केंद्र होतं. जहाजानं संदेश पाठवला की हे केंद्र तो कुठल्या दिशेनं आला ते मोजून परत कळवायचं. 'डेल्फी'नं विचारलं. केंद्रानं सांगितलं की तुम्ही अजून आमच्या उत्तरेला आहात. हंटरांचा हिशेब सांगत होता की आपण ते भूशिर ओलांडून दक्षिणेला आलोय. त्या काळची यंत्रं बरोबर उलटी दिशाही दाखवू शकत, हे खरं. तंत्र नवं होतं आणि जुन्या दर्यावर्दींचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. हंटर कसलेले नाविक म्हणून नावाजलेले. त्यांनी यंत्राला बाजूला सारलं आणि आपल्या आकड्यावर भरवसा ठेवला.

आणखीही एक उपाय होता, सगळ्यात जुना. पाण्याची खोली मोजायची. पण त्यासाठी वेग कमी करावा लागतो आणि ही फेरी वेगाचीच होती. शिवाय त्यांना भीती वेगळीच होती. वळायला उशीर झाला तर आपण पलीकडच्या सॅन मिगेल बेटावर जाऊन आपटू, असं वाटत होतं. (ही भीती अगदी अनाठायी नव्हती. त्याच दिवशी 'क्यूबा' नावाचं प्रवासी जहाज त्याच बेटावर आदळलं होतं.)

रात्री ठीक नऊ वाजता 'डेल्फी' डावीकडे, पूर्वेला वळली. वॉटसन आणि हंटर यांच्या समजुतीप्रमाणे समोर सांता बार्बराची खाडी होती. प्रत्यक्षात समोर होतं होंडा भूशिर. जुन्या स्पॅनिश लोकांनी त्या जागेला 'सैतानाचा जबडा' असं नाव देऊन ठेवलं होतं.

आंबोलीच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात दाट धुक्यात गाडी चालवली असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. रस्ता दिसत नाही, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसतात आणि आपण त्या दिव्यांना धरून चालतो. ट्रकवाल्याला रस्ता माहीत असणारच, असं आपण धरून चालतो. २० नॉट्स म्हणजे सेकंदाला सुमारे दहा मीटर, आणि दोन जहाजांत अंतर काहीशे मीटरचंच.

नऊ वाजून पाच मिनिटांनी 'डेल्फी' खडकावर चढली. तिनं भोंगा वाजवायला सुरुवात केली. मागची 'एस. पी. ली' कशीबशी वळली आणि बाजूच्या कड्याला जाऊन भिडली. तिसरी 'यंग'. तिचा तळ पाण्याखालच्या खडकानं फाडत नेला आणि दीडेक मिनिटात ती आडवी झाली. खाली इंजिनघरात असलेल्यांना वर यायला वेळच मिळाला नाही. 'वुडबरी' एका बाजूला वळून एका सुळक्यावर अडकली, 'निकोलस' दुसऱ्या बाजूला. 'फॅरागट' टेकली, पण उलट्या इंजिनांवर सुटली. 'फुलर' अडकली. 'सॉमर्स' घासली गेली, पण निसटली. 'चॉन्सी' मात्र 'यंग'च्या लोकांना वाचवायला म्हणून जवळ गेली आणि स्वतःच किनाऱ्याला लागली. काही मिनिटांत सात विनाशिका कायमच्या गेल्या. युद्ध नाही, शत्रू नाही, वादळ नाही.

माणसं गेली २३. त्यांतली २० 'यंग'वरची. आकडा याहून फार मोठा व्हायचा. 'यंग'चे कप्तान विल्यम कॅल्हून यांनी जहाज कलंडताना ओळखलं की नावा सोडायला वेळ नाही. त्यांनी सगळ्यांना वर आलेल्या बाजूला चढून चिकटून राहायला सांगितलं. तेलानं बुळबुळीत झालेला तो पत्रा, वर लाटांचा मारा. मग आर्थर पीटरसन नावाचा एक जुना खलाशी दोर घेऊन पाण्यात उतरला आणि शंभरेक यार्ड पोहत 'चॉन्सी'पर्यंत गेला. त्या दोरावरून तराफा खेपा घालत राहिला आणि सत्तर माणसं पलीकडे गेली. किनाऱ्यावर रेल्वेचे गँगमन धावून आले, आसपासचे शेतकरी आले.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडतात ती रांगेच्या शेवटी असलेली चार जहाजं: 'केनेडी', 'पॉल हॅमिल्टन', 'स्टॉडर्ट' आणि 'थॉम्पसन'. त्यांचे डिव्हिजन प्रमुख कमांडर वॉल्टर रोपर 'केनेडी'वर होते. त्यांना पुढचं काहीतरी खटकलं. त्यांनी वेग कमी केला आणि आपली जहाजं किनाऱ्यापासून दूर नेली. चारही जहाजांना ओरखडासुद्धा आला नाही.

आता सांगा, त्यांच्या पुढे असलेल्या कप्तानांचं काय चुकलं? हाच प्रश्न नंतर चौकशीत आला. अकरा अधिकाऱ्यांवर कोर्ट मार्शल झालं. एक बाजू म्हणे की प्रत्येक कप्तान आपल्या जहाजाला स्वतः जबाबदार. रांगेत आहे म्हणून त्याची जबाबदारी 'डेल्फी'वर ढकलता येणार नाही. दुसरी बाजू म्हणे की विनाशिकांची टोळी चालतेच मुळी या विश्वासावर. रात्रीच्या अंधारात, युद्धात, प्रत्येकानं आपापला नकाशा काढून 'मला नाही पटत' म्हणायला सुरुवात केली, तर टोळी राहीलच कशी? वॉटसन यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला, कुणावर ढकलला नाही, आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर वाढला. शेवटी वॉटसन आणि हंटर यांची ज्येष्ठता कापली गेली, आणि मागच्या जहाजांच्या कप्तानांपैकी कुणालाही शिक्षा भोगावी लागली नाही. सात जहाजांचे सांगाडे १,०३५ डॉलरला भंगारात विकले गेले.

माझं मत विचाराल तर निकाल बरोबर होता, पण प्रश्न सुटला नाही. कोर्टानं सुटका केली म्हणजे पुढच्या वेळी मागच्यानं काय करायचं, ते काही सांगितलं नाही. पुढे एकोणीस वर्षांनी तो प्रश्न उलट्या बाजूनं समोर आला.

३० नोव्हेंबर १९४२. ग्वादालकॅनाल बेटाजवळची तासाफारोंगाची लढाई. जपानी दुसऱ्या विनाशिका स्क्वाड्रनचे प्रमुख रायझो तानाका आठ विनाशिका घेऊन आले होते, तेही लढायला नाही, तर बेटावरच्या उपाशी सैन्याला पिंपांत भरलेलं धान्य टाकायला. अमेरिकनांकडे पाच क्रूझर, सहा विनाशिका आणि रडार होतं. त्यांना शत्रू आधी दिसला. पुढच्या विनाशिकांचे प्रमुख कमांडर विल्यम कोल यांनी पाणतीर सोडायची परवानगी मागितली. अ‍ॅडमिरल राइट यांना अंतर जास्त वाटलं. विचारविनिमय झाला. चार मिनिटं गेली. परवानगी मिळाली तेव्हा जपानी जहाजं बाजूनं पुढे निघून गेली होती. एकही पाणतीर लागला नाही.

तानाकांच्या लोकांनी मात्र कुणाला काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, इतका सराव एकत्र झाला होता. अमेरिकनांच्या तोफांचा सगळा भडिमार 'ताकानामी' या एकाच विनाशिकेवर झाला आणि ती बुडाली. पण त्याच तोफांच्या उजेडावर नेम धरून बाकीच्यांनी पाणतीर सोडले आणि निघून गेले. 'नॉर्दम्प्टन' बुडालं, आणखी तीन क्रूझर जबर जखमी झाल्या. जवळजवळ ४०० अमेरिकन मेले. राइट यांनी या तुकडीचा ताबा दोनच दिवसांपूर्वी घेतला होता आणि विनाशिका मिळतील तिथून गोळा केलेल्या होत्या. म्हणजे कागदावर टोळी होती, पण एकमेकांची सवय कुणालाच नव्हती. नंतर वरून ठपका आला तो कोल यांच्यावर! परवानगी मागणाऱ्यावर.

हे सगळं बघत असलेला एक माणूस होता, अर्ले बर्क. त्याचं म्हणणं अगदी थोडक्यात असं की शत्रू दिसला की पुढच्या विनाशिकांनी हल्ला करावा, हुकमाची वाट बघू नये. ऐकायला हे मोकाट सोडल्यासारखं वाटतं. पण त्याआधीची अट महत्त्वाची होती. सगळ्या कप्तानांना एकत्र बसवून, कुठल्या परिस्थितीत कोण काय करणार, हे आधीच इतकं घोटून ठेवायचं की ऐनवेळी बोलायची वेळच येऊ नये. एका डिव्हिजननं अंधारात जवळ जाऊन पाणतीर सोडायचे आणि वळायचं, दुसरीनं तोवर तोफा रोखून बसायचं. फ्रेडरिक मूसब्रुगर यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये व्हेला आखातात हाच डाव खेळला. सहा विनाशिका, दोन रांगा. चारपैकी तीन जपानी विनाशिका बुडाल्या.

ऑक्टोबर १९४३ मध्ये बर्ककडे तेविसावी स्क्वाड्रन आली. पहिल्याच मोठ्या लढाईत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला एम्प्रेस ऑगस्टा उपसागरात, त्या मोकळीकीची किंमतही दिसली. 'फूट' रांगेतून भरकटली आणि पाणतीर खाऊन बसली. 'स्पेन्स' आणि 'थॅचर' एकमेकींना घासल्या. आणि अंधारात खुद्द बर्कच्या जहाजांनी आपल्याच 'स्पेन्स'वर तोफा डागल्या. (ती वाचली. पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४४ मध्ये, फिलिपाइन्सच्या समुद्रात तुफानानं तिला उलटवलं आणि फक्त २४ जण वाचले.) बर्कच्या चरित्रात ही रात्र लोक चटकन उलटून जातात. मला ती महत्त्वाची वाटते. कारण त्यानंतरही त्यानं कप्तानांचे लगाम खेचले नाहीत, सराव वाढवला. तीन आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, केप सेंट जॉर्जजवळ पाच अमेरिकन विनाशिकांची गाठ पाच जपानी विनाशिकांशी पडली. तीन जपानी बुडाल्या, अमेरिकनांचा एकही माणूस गेला नाही. बर्क पुढे अमेरिकन आरमाराचा प्रमुख झाला आणि आज त्याच्या नावाच्या विनाशिकांची अख्खी मालिका आहे.

या मालिकेतलं एक जहाज नऊ हजार टनांच्या घरातलं असतं, म्हणजे 'डेल्फी'च्या सातपट. आता कोणी रांगेत मागोमाग धावत नाही. स्क्वाड्रनचा प्रमुख अजूनही हुद्द्यानं कॅप्टन असतो, पण मानानं त्याला 'कमोडोर' म्हणतात. त्याचं बरंचसं काम आता जहाजांचा सराव, तयारी, प्रमाणपत्रं हे बघण्याचं असतं. टोळीचा वडीलधारा आता बराचसा परीक्षक झालाय.

त्या कामात काय होऊ शकतं, ते २०१७ साली दिसलं. जपानमधल्या योकोसुकाच्या पंधराव्या स्क्वाड्रनमधली 'फिट्झजेराल्ड' १७ जूनच्या पहाटे एका मालवाहू जहाजावर आदळली, ७ खलाशी गेले. २१ ऑगस्टला त्याच स्क्वाड्रनची 'जॉन मॅकेन' सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजावर आदळली, १० गेले. 'फिट्झजेराल्ड'च्या चौकशीत निघालं की जवळून जहाजं जात असताना कप्तानाला उठवायचा लेखी नियम होता, पण ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यानं कप्तानाला उठवलंच नाही. आणि सरकारी तपासनिसांनी मोजलं तेव्हा जपानमध्ये तैनात असलेल्या क्रूझर आणि विनाशिकांच्या प्रमाणपत्रांपैकी ३७ टक्क्यांची मुदत जून २०१७ मध्ये संपलेली होती. जहाजं कमी, कामगिऱ्या जास्त, म्हणून सरावाला सवड मिळत नव्हती, आणि 'अजून तयार नाही' असं वर सांगायला कुणी धजावत नव्हतं. सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रनच्या कमोडोरना पदावरून काढलं. 'मॅकेन' २०१९ मध्ये पुन्हा समुद्रावर गेली, 'फिट्झजेराल्ड' २०२० मध्ये.